वारा, साडी आणि हृदयाची झडप

"तू कंप्यूटरवर नक्की काय करतेस गं?" हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि गणपतीत निदान एकदा तरी विचारला जातो. "सॉफ्टवेअर" म्हटलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि मीही सुटते. खरं उत्तर जरा लांब आहे. वाहणारी हवा किंवा पाणी आणि त्यात सापडलेली लवचिक वस्तू, या दोघांचं मिळून जे काही होतं ते कंप्यूटरवर आकड्यांत उभं करायचं, हे माझं काम. बारा वर्षं हेच करतेय, त्यातली शेवटची सहा हृदयाच्या झडपांवर. यावर एकदा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. पण गेल्या दोन वर्षांत घरात एक गोष्ट घडली आणि लिहिणं नुसतं हौसेचं राहिलं नाही. ती गोष्ट जिची आहे तिला विचारूनच लिहितेय. "नाव घालू नकोस, बाकी काय ते लिही," असं तिने सांगितलंय.

तर सुरुवात साडीपासून.

गच्चीत दोरीवर साडी वाळत घातली आहे असं समजा. वाऱ्याची झुळूक येते, साडी फुगते. साडी फुगली की वाऱ्याला जायची वाट बदलते. वाट बदलली की साडीवरचा दाब बदलतो, म्हणून साडी आता वेगळीच हलते. ती हलली की वारा पुन्हा वाट बदलतो.. आता सांगा, कोणी कोणाला हलवलं? वारा साडीला की साडी वाऱ्याला? दोघांना वेगवेगळं करून उत्तर काढताच येत नाही. भिंतीवर वारा आपटला तर काय होईल हे शोधणं त्यामानाने सोपं, कारण भिंत जागची हलत नाही. तुळईवर ठरावीक वजन ठेवलं तर ती किती वाकेल हेही सोपं, कारण वजन ठरलेलं आहे. साडीच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजू सुट्या आणि दोन्ही एकमेकींवर अवलंबून. संसारच म्हणा ना :)

हे प्रकरण किती गंभीर होऊ शकतं याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतला टॅकोमा नॅरोजचा झुलता पूल. १ जुलै १९४० ला तो वाहतुकीला खुला झाला आणि ७ नोव्हेंबर १९४० ला पडला. म्हणजे पुरता एक पावसाळा आणि वर थोडे दिवस. वारा काही वादळी नव्हता, ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास. पूल आधी वरखाली हलत होता, मग पीळ घातल्यासारखा डावीउजवीकडे वळायला लागला आणि शेवटी तुटला. त्याची फिल्म आहे, पाहिली नसेल तर जरूर पाहा. माणूस एकही गेला नाही, गाडीत अडकलेला एक कुत्रा तेवढा गेला. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की वाऱ्याच्या झोतांचा ठेका आणि पुलाचा स्वतःचा ठेका जुळला म्हणून पूल पडला. अनेक पुस्तकांत अजूनही तसंच असतं. पण १९९१ मध्ये बिल्ला आणि स्कॅनलन या दोघांनी एक लेख लिहून दाखवून दिलं की गोष्ट तशी नाही. बाहेरून कोणी ठेका देत नव्हतं. पुलाच्या पिळण्यामुळेच वाऱ्याचा दाब असा बदलत होता की तो पूल आणखी पिळावा. म्हणजे पूल स्वतःच्या हालचालीसाठी वाऱ्यातून शक्ती उचलत होता. साडीचीच गोष्ट, फक्त ८५३ मीटर लांबीची.

आता यापेक्षा खूप लहान आणि आपल्या प्रत्येकाच्या आत असलेली गोष्ट. हृदयात चार झडपा असतात. त्यांचं काम एकच, रक्ताला पुढे जाऊ द्यायचं आणि मागे येऊ द्यायचं नाही. एखाद्या नळाची किंवा हातपंपाची झडप असते तसंच. पण त्या उघडतात कशा? बऱ्याच जणांना वाटतं की हृदय आकुंचन पावतं तसा झडपेतला एखादा स्नायू तिला उघडत असेल. तसं नाही. पाकळ्यांना उघडायला स्नायूच नाहीत. मिलीमीटरभरही जाडी नसलेल्या त्या पाकळ्या रक्तात नुसत्या तरंगत असतात. रक्ताने ढकललं की उघडायचं, रक्त मागे फिरू लागलं की मिटायचं. डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेला दोन पाकळ्या असतात आणि त्यांच्या कडांना बारीक दोऱ्या असतात. त्या खाली हृदयाच्या भिंतीतल्या छोट्या स्नायूंना बांधलेल्या असतात, पॅराशूटच्या दोऱ्यांसारख्या. त्या दोऱ्या झडप उघडत नाहीत, फक्त मिटलेली पाकळी उलटी होऊन वर जाऊ नये म्हणून धरून ठेवतात. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला १,०३,६८० वेळा हे घडतं. तेही न थांबता, जन्मभर.

या झडपांबद्दल पहिला विलक्षण विचार केला तो लिओनार्डो दा विंचीने, साधारण १५१३ च्या सुमारास. हृदयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते आणि प्रत्येक पाकळीच्या मागे धमनीला एक फुगवटा असतो. हे फुगवटे कशाला? लिओनार्डोने चित्र काढून सांगितलं की रक्त पुढे जाताना त्याचा काही भाग या फुगवट्यात वळतो, तिथे भोवरा तयार होतो आणि तो भोवरा पाकळी मिटायला मदत करतो. बैलाच्या हृदयावरून साचा काढून काचेची नळी बनवायची, त्यातून पाणी सोडायचं आणि भोवरे दिसावेत म्हणून पाण्यात गवताचं बी टाकायचं, अशी टिपणंही त्याने करून ठेवली. नदीचे भोवरे तासन् तास बघणारा माणूस तो, त्याला हे सुचणारच. १९६० च्या दशकाच्या शेवटी ऑक्सफर्डला बेलहाउस यांनी प्रयोगशाळेत हे भोवरे मोजले, आणि २०१४ मध्ये जिवंत माणसाच्या एमआरआयमध्येही ते दिसले. पाचशे वर्षं! मला हे आठवलं की माझ्या दोन दोन आठवडे चालणाऱ्या रनबद्दल कुरकुर करावीशी वाटत नाही.

आता मुद्द्याचं. हे कंप्यूटरवर करताना अडतं कुठे?

रक्ताचा प्रवाह काढायचा तर जागेचे लाखो बारीक चौकोन पाडायचे, आणि प्रत्येक चौकोनात वेग आणि दाब किती ते क्षणाक्षणाला सोडवायचं. याला ग्रिड म्हणतात. पाकळीचं गणित वेगळं, तिचे तुकडे वेगळे. सरळ उपाय असा की रक्ताचं ग्रिड पाकळीला चिकटवून टाकायचं. पाकळी हलली की ग्रिडही तिच्याबरोबर ताणलं जाईल. थोड्या हालचालीसाठी हे उत्तम चालतं. पण झडपेच्या पाकळ्या पूर्ण उघडतात आणि पूर्ण मिटतात. मिटताना दोन पाकळ्यांमधले चौकोन चेंगरून सपाट होतात आणि कोड मरतो. मिटलीच नाही तर ती झडप कसली!

दुसरी अडचण जास्त खोल आहे. रक्ताचा प्रोग्रॅम आणि पाकळीचा प्रोग्रॅम वेगळे ठेवून त्यांच्यात निरोप्या ठेवायचा, असं अनेक जण करतात. रक्त सांगतं, "एवढा दाब." पाकळी सांगते, "बरं, मग मी इथे सरकले." रक्त पुन्हा नवा दाब सांगतं. विमानाच्या पंखासाठी हे बहुतेक वेळा निभतं, कारण धातूच्या मानाने हवा अगदी हलकी. पण रक्त आणि पाकळी यांची घनता जवळजवळ सारखी. पाकळीला हलायचं तर शेजारचं बरंच रक्त बरोबर हलवावं लागतं, म्हणजे ती जणू स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट जड होते. मग निरोपानिरोपीत होतं काय, तर नव्या गीझरचा नळ फिरवताना होतं ते. पाणी गार म्हणून नळ जास्त फिरवला, मग भाजलं म्हणून उलटा फिरवला, मग पुन्हा गार. इथे तर प्रत्येक फेरीत चूक वाढत जाते आणि पाचपंचवीस पावलांत आकडे अनंताला भिडतात. तुम्ही म्हणाल, वेळेची पावलं लहान घ्या. गंमत अशी की त्याने भागत नाही. २००५ मध्ये काउसिन, जर्बो आणि नोबिले या तिघांनी हे गणिताने दाखवलं की वस्तू पुरेशी हलकी असेल तर पावलं कितीही लहान घेतली तरी हा प्रकार फुटणारच. उपाय एकच. प्रत्येक पावलाला दोघांचं एकमत होईपर्यंत निरोप फिरवत राहायचं, किंवा दोघांना एकाच समीकरणात बसवायचं. एकाने आपलं म्हणणं मांडून निघून जायचं आणि दुसऱ्याने मागाहून उत्तर द्यायचं, हे सारख्या वजनाच्या माणसांत चालत नाही.

या दोन्ही अडचणींवर एक सुंदर तोडगा चार्ल्स पेस्किन या माणसाने १९७२ मध्येच काढला होता. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये त्याचं पीएचडीचं काम चालू होतं आणि विषय होता हृदयाच्या झडपांभोवतीचा प्रवाह. त्याने ग्रिडला पाकळीशी जुळवायचा नादच सोडून दिला. त्याची कल्पना अशी. टेबलावर आलेख कागद पसरा, तो स्थिर. त्यावर मण्यांची माळ ठेवा, ती पाकळी. मणी एकमेकांना बारीक स्प्रिंगांनी जोडलेले. माळ कागदावरच्या रेघांना कशीही आडवीतिडवी छेदू दे, पर्वा नाही. आता, स्प्रिंगा किती ताणल्यात त्यावरून प्रत्येक मण्यावरचा जोर काढा. तो जोर मण्याच्या आजूबाजूच्या चौकोनांना वाटून द्या. रक्ताला पाकळी वगैरे काही माहीतच नाही, त्याला एवढंच कळतं की या चौकोनात कोणीतरी ढकलतंय. त्या जोरानिशी सगळ्या कागदावरचा प्रवाह सोडवा. मग प्रत्येक मण्यापाशी रक्ताचा वेग किती ते वाचा आणि मण्याला त्याच वेगाने वाहू द्या. पुन्हा पहिल्यापासून.

बस्. एवढंच. पाकळी रक्ताबरोबर वाहते आणि वाहताना ताणली गेली की रक्ताला मागे ढकलते. ग्रिड चेंगरायचा प्रश्न नाही, कारण ते हलतच नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुपारचा चहा गार झाला होता. अर्थात फुकट काही मिळत नाही. जोर आजूबाजूला वाटल्यामुळे पाकळीची कड थोडी पुसट होते, मिटलेल्या झडपेतूनही थोडं रक्त झिरपल्यासारखं दिसतं, आणि स्प्रिंगा कडक केल्या की वेळेची पावलं मुंगीच्या पावलांएवढी घ्यावी लागतात. पण ही रीत टिकली. पुढे पेस्किन आणि डेव्हिड मॅक्वीन यांनी मिळून सगळं हृदयच असं उभं केलं, रक्तात बुडालेले स्नायूंचे धागे म्हणून. हे धागे हृदयात कसे गुंडाळलेले असतात त्यासाठी त्यांना आधार मिळाला तो कॅरोलिन थॉमस या बाईंच्या १९५७ च्या कामाचा. त्यांनी डुकराची आणि कुत्र्याची हृदयं सोडवून तो गुंता लिहून ठेवला होता. कुणी हातांनी धागे मोजून ठेवते, आणि तीस वर्षांनी ते सुपरकंप्यूटरवर धडधडायला लागतात. याच रीतीने पुढे लोकांनी पोहणारे मासे, रक्ताची गुठळी होताना चिकटणाऱ्या पेशी, कानाच्या आतला पडदा असं बरंच काही केलं.

साडीचीही एक गोष्ट यात आहे. २००० साली न्यूयॉर्कच्या काही संशोधकांनी वाहत्या साबणाच्या पातळ पडद्यात रेशमाचा एक धागा धरला आणि तो झेंड्यासारखा फडफडताना टिपला. २००२ मध्ये पेस्किन आणि त्यांचे सहकारी झू यांनी तो धागा कंप्यूटरवर फडफडवायला घेतला. तेव्हा दिसलं की धाग्याला वजनच दिलं नाही तर तो फडफडत नाही, थोडा हलून सरळ होऊन पडतो. वजन घातलं की फडफड टिकते. म्हणजे फडफडायला वारा तर हवाच, पण स्वतःचं काही वजनही हवं. मला हे वाक्य माणसांनाही लागू करायचा मोह होतोय, पण आवरते.

एवढं सगळं सांगितलं ते पुढचं कळावं म्हणून.

माझी मामेबहीण बत्तीस वर्षांची आहे. लहानपणी तालुक्याच्या गावी असताना तिला सारखा घसा धरायचा, ताप यायचा. एकदा गुडघे आणि घोटे सुजले होते, दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात फिरत होतं. "वाढीचं दुखणं आहे," असं सांगण्यात आलं आणि घरात सगळ्यांनी ते मानलं. ते संधिवाताचा ताप होता. घशातल्या जंतूंशी लढताना शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतं. सांधे बरे होतात, झडपा होत नाहीत. त्यांवर व्रण राहतात आणि वर्षानुवर्षं त्या जाड, आखूड होत जातात. लग्नानंतर जिने चढताना तिला दम लागायला लागला तेव्हा इको केला, आणि मायट्रल झडप चांगलीच गळतेय असं निघालं. ऑपरेशन लागणार होतं.

प्रश्न होता कोणतं. धातूची झडप बसवली तर ती टिकते, पण तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर. आणि त्या गोळीचा पोटातल्या बाळाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, धोका असतो. प्राण्याच्या पेशींपासून बनवलेली झडप बसवली तर ती गोळी जन्मभर लागत नाही, पण तरुण माणसात ती लवकर खराब होते, म्हणजे काही वर्षांनी पुन्हा छाती उघडायची. तिसरा मार्ग स्वतःचीच झडप दुरुस्त करायचा. तो सगळ्यांत चांगला, पण संधिवाताच्या तापाने आखडलेल्या पाकळ्या नेहमीच दुरुस्त होण्यासारख्या असतात असं नाही, आणि झाल्या तरी किती टिकतील हे सांगणं कठीण. तिला मूल हवं होतं.

मामाचा फोन आला. "अगं, तू तर हेच करतेस ना? मग तिचे रिपोर्ट पाठवतो, तुझ्या कंप्यूटरमध्ये घालून बघ. दुरुस्त करून चालेल की बदलायला हवी, ते कळेल." मामी मागून म्हणत होती, "डॉक्टरांपेक्षा आपल्या पोरीवर विश्वास आहे."

तिच्या इकोवरून झडपेचा आकार मी काढू शकले असते. पण व्रण पडलेली पाकळी किती कडक आहे? ते इकोत कळत नाही. निरोगी पाकळीचे आकडे पुस्तकात मिळतात, तिच्या पाकळीचे कुठेही मिळणार नाहीत. दोऱ्या किती, कुठे चिकटलेल्या, कोणत्या आखूड झालेल्या? अंदाजाने घालाव्या लागतील. शल्यविशारद नक्की कुठे टाका घालणार? ते त्यांनाही आत पाहिल्याशिवाय माहीत नाही. मी हे सगळे आकडे मनाने भरले असते तरी शेवटी स्क्रीनवर एक झडप उघडमीट करताना दिसलीच असती, निळ्यालाल रंगांत, अगदी खरी वाटणारी. आणि खरी भीती तीच. आकडे डगमगत असले की माणूस सावध राहतो, चित्र सुंदर असलं की विश्वास ठेवतो. मामाने तो व्हिडिओ देव्हाऱ्याशेजारी ठेवला असता आणि तिने त्यावर आयुष्य ठरवलं असतं.

म्हणून मी नाही म्हटलं. मामाला वाईट वाटलं. "बाहेरच्या लोकांसाठी करतेस, आपल्यासाठी नाही?" असं तो बोलला, ते लागलं. मी त्याला समजावायचा प्रयत्न केला की बाहेरच्या लोकांसाठीही मी हे करत नाही. मी करते ते असं की, एकाच झडपेची दोन डिझाइनं घ्यायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि कोणत्या डिझाइनमध्ये पाकळीवर जास्त ताण येतो ते बघायचं. "यापेक्षा ते बरं" इतपत मी भरवशाने सांगू शकते. "हिचं असं होईल" हे सांगू शकत नाही. त्याला ते पटलं की नाही कोण जाणे.

बहीण मात्र रात्री फोनवर म्हणाली, "ताई, मला उत्तर नको. मला प्रश्न सांग. डॉक्टरांना काय विचारायचं तेच मला कळत नाहीये." ते मला येत होतं. आम्ही दोघींनी बसून यादी केली. गळती कोणत्या कारणाने आहे, पाकळी आखडल्यामुळे की दोरी लांबल्यामुळे? अशा प्रकारच्या झडपा तुम्ही वर्षाला किती दुरुस्त करता? आत गेल्यावर दुरुस्ती जमत नाही असं दिसलं तर कोणती झडप बसवाल, ते आधी ठरवायचं का? दुरुस्ती झाल्यावर ती चालतेय हे टेबलावरच कसं तपासता?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून मी थक्क झाले. म्हणजे वाचलेलं होतं, पण डॉक्टरांनी स्वतःच्या हातांनी करून दाखवल्यासारखं सांगितलं ते वेगळंच. हृदय थांबवलेलं असताना, पाकळ्या शिवून झाल्या की ते सिरिंजने खालच्या कप्प्यात सलाइन भरतात. कप्पा फुगतो, पाकळ्या पाण्याच्या दाबाने वर येऊन एकमेकींना भिडतात, आणि कुठून पाणी निसटतंय का ते डोळ्यांनी बघतात. मग हृदय पुन्हा चालू झालं की अन्ननलिकेतून इको करून खात्री करतात. पाणी खरं, पाकळी खरी, तिची स्वतःची. मी ज्यासाठी दोन आठवडे आणि काहीशे प्रोसेसर खर्च करते ते तिथे एका सिरिंजमध्ये होतं. लिओनार्डोला हे फार आवडलं असतं.

तिने दुरुस्ती निवडली, आणि जमली नाही तर पेशींची झडप, असं सही करून सांगितलं. जमली. झडपेच्या घेराला एक रिंग बसवली. दोन वर्षं झाली. थोडीशी गळती आहे, दर सहा महिन्यांनी इको असतो, आणि संधिवाताचा ताप पुन्हा उलटू नये म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन ठरल्या दिवशी घ्यावं लागतं. मुलाचं डॉक्टरांशी बोलून ठरवतील. जिने चढते. मामा माझ्याशी आधीसारखा बोलतो, फक्त कामाबद्दल विचारत नाही.

मग तुझ्या सिम्युलेशनचा उपयोग काय, असं कोणी विचारेल. आहे, आणि मोठा आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी ब्यॉर्क-शायली नावाची एक तबकडीची झडप सुधारून बाजारात आली. तबकडी जास्त उघडावी, रक्त सुरळीत वाहावं म्हणून आकार बदलला होता. प्रवाह सुधारलाही. पण मिटताना तबकडीला धरणाऱ्या तारेच्या कड्यावर जास्तीचा ताण यायचा आणि ते कडं जोडाच्या जागी तुटायचं. १९८६ मध्ये ती मागे घेतली तोवर जगभरात सुमारे ८६ हजार लोकांना बसवून झाली होती. त्यातल्या शेकडो जणांत ती तुटली. प्रवाह बघितला आणि वस्तूवर काय बेततंय ते पुरेसं बघितलं नाही, की असं होतं. दोन्ही एकत्र बघणं हेच तर आमचं काम.

आपल्याकडे त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय झडप तयार झाली, कारण परदेशी झडपेची किंमत आपल्या रुग्णांना परवडणारी नव्हती. आधीची मॉडेलं एकेक करून बाद झाली. चौथं टिकलं. मिश्रधातूचा पिंजरा आणि आत साध्या दिसणाऱ्या पॉलिथिनची तबकडी. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली, आणि आजवर लाखाहून जास्त लोकांना बसवली गेली आहे. त्या बाद झालेल्या मॉडेलांबद्दल मला जास्त आदर वाटतो. ती बाद करणारं कोणीतरी होतं म्हणून चौथं झालं. आजही धातूची झडप मान्य व्हायची तर यंत्रात ती ४० कोटी वेळा उघडमीट करून दाखवावी लागते, म्हणजे साधारण दहा वर्षांचे ठोके. कंप्यूटरने ती परीक्षा रद्द केलेली नाही. परीक्षेला कोणतं डिझाइन बसवायचं ते निवडायला मदत केली आहे, एवढंच. आणि कंप्यूटरच्या उत्तरावर किती विसंबायचं हे ते उत्तर कशासाठी वापरणार यावरून ठरवायचं, चुकलं तर कोणाचं किती बिघडेल ते बघून, असा नियम वैद्यकीय उपकरणांसाठी २०१८ मध्ये लेखी झाला. आमच्या क्षेत्रातलं मला सर्वांत शहाणपणाचं वाटणारं वाक्य तेच.

खूप लांबलं. घरचे जे वाचत असतील त्यांच्यासाठी एकच गोष्ट, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. शाळेत जाणाऱ्या मुलाचा घसा वरचेवर ताप येऊन दुखत असेल तर अंगावर काढू नका, आणि त्यानंतर दोनतीन आठवड्यांनी सांधे सुजून दुखणं एकातून दुसऱ्यात फिरायला लागलं तर "वाढीचं दुखणं" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांकडे न्या आणि "हृदय तपासायचं का?" असं स्वतःहून विचारा. वेळेवर दिलेलं पेनिसिलिन झडप वाचवू शकतं. त्याची किंमत माझ्या एका रनच्या विजेच्या बिलापेक्षा कमी असेल.